शवासन आणि पारा

घरात कोणाला रक्तदाब जडला की दिवाळीच्या चिवड्यातले मीठ कमी होते आणि एखादे शेजारी हमखास सांगतात, "गोळ्या सोडा, योगासने करा!" या सल्ल्यात खरे किती हे पाहायला निघालो, तर वाट थेट लोणावळ्यास जाऊन पोचते.

जगन्नाथ गणेश गुणे हे अमळनेरला शिक्षणकार्यात होते. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. आसनांवर त्यांची श्रद्धा होती; पण नुसत्या श्रद्धेवर त्यांचे समाधान होईना. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले, आणि सर्वांगासन व मत्स्यासन करताना रक्तदाब कसा बदलतो याची मोजणी १९२६ साली त्यात छापली.

हठयोगप्रदीपिकेत शवासन सांगितले आहे ते थकवा जावा, चित्त निवावे म्हणून. रक्तदाब हा शब्दही तेव्हा नव्हता. त्या आसनाला रुग्णालयात नेले मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी. त्यांच्या सहकाऱ्यांत कैवल्यधामचे डॉ. विनेकरही होते. ४७ रुग्णांना त्यांनी रोज अर्धा तास उताणे निजविले. श्वास संथ ठेवायचा, आत येणारी हवा गार आणि बाहेर जाणारी उबदार लागते तिकडे लक्ष द्यायचे, बस्स, एवढेच! १९६९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्याच्या आसपास रुग्णांना स्पष्ट गुण आला होता. कित्येकांच्या औषधाची मात्रा पुष्कळच उतरली होती. पुढे १९७५ साली इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी ३४ रुग्णांचे दोन गट पाडले. योगाची शिथिलता शिकलेल्या गटाचा वरचा दाब सरासरी १६८ वरून १४१ वर आला. नुसती विश्रांती घेणाऱ्यांचा १६९ वरून १६०.

आमचे एक सहशिक्षक असेच शवासन शिकले. झोप सुधारली, डोके दुखेनासे झाले. आनंदाच्या भरात त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या, आणि दाब मोजणेही. एका पहाटे त्यांचा उजवा हात उचलेना. आज ते डाव्या हाताने फळ्यावर लिहितात. रक्तदाब दार ठोठावून येत नाही, हे त्यांना फार उशिरा कळले.

दोष शवासनाचा नव्हता. दात्यांच्या रुग्णांची औषधे उतरली, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पारा पाहून. कुवलयानंदांनी आसनाच्या जोडीला मोजमाप आणले होते. आपण आसन तेवढे उचलले आणि मोजमाप लोणावळ्यालाच विसरून आलो.

तेव्हा वाचकहो, फराळ झाल्यावर नव्हे, उद्या सकाळी अवश्य शवासन करा. पण गोळीची डबी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून दूर सारू नका.