हॅरी क्लार्कची नाकारलेली खिडकी

डब्लिन शहरांत चर्चच्या सजावटीचा धंदा करणाऱ्या जोशुआ क्लार्क यांच्या घरीं १८८९ सालीं हॅरी जन्मला. रंगीत काच, शिसें आणि भट्टी हीं घरचींच. अशा कारागिराचें आयुष्य एरवीं संतांच्या मूर्ति रंगविण्यांत सरावयाचें. हॅरीनेंही संत पुष्कळ रंगविले. परंतु कॉर्क येथील होनन चॅपेलमधील त्याच्या खिडक्यांतले संत पाहावे, तर ते धर्मग्रंथापेक्षां परीकथेंतूनच उठून आल्यासारखे वाटतात: विशाल डोळे, निमुळतीं बोटें, रत्नांनीं झगमगणारे झगे. यांत नवल नाहीं. त्याच सुमारास अँडरसनच्या परीकथांसाठीं आणि पुढें १९१९ सालीं पो याच्या भयकथांसाठीं तो चित्रें काढीत होता. लोक दिवाणखान्यांत जें हौसेनें वाचीत, तें त्याच्या काचेंत शिरलें.

त्याची रीत मोठ्या चिकाटीची. फिक्या काचेवर गडद काचेचा पातळ थर असे. राखावयाचा भाग मेणानें झांकून काच आम्लानें खावविली, कीं उघडा थर झिजून एकाच तुकड्यांत माणकापासून गुलाबापर्यंत छटा उमटत. हें काम श्वासाला घातक, आणि हॅरीची छाती आधींच दुबळी होती.

१९२२ सालीं स्वतंत्र झालेल्या आयरिश सरकारनें जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयास एक खिडकी भेट देण्याचें योजिलें व काम हॅरीकडे सोंपविलें. त्यानें राजे नाहीं, संत नाहींत, तर आपल्याच काळच्या पंधरा आयरिश लेखकांचीं पात्रें निवडलीं. ज्या सिंगच्या नाटकावरून १९०७ सालीं नाट्यगृहांत दंगल उसळली होती, त्याचा नायक येथें आहे. शॉची जोन आहे. ओकेसीचे पिणारे सोबतीही आहेत. लियम ओफ्लाहर्टी याच्या कादंबरीतली झिरझिरीत वस्त्रांतली नर्तकी मात्र सरकारास सोसवली नाहीं. सरकारचे प्रमुख कॉसग्रेव्ह यांनीं १९३० सालीं आक्षेप कळविला. आयरिश माणूस रोज रंगभूमीवर जें आयर्लंड पाहत होता, तें परक्यांना दाखविण्याची त्या नव्या राज्यास लाज वाटली, असेंच म्हणावें लागतें.

हॅरीला त्या वेळीं क्षयानें ग्रासलें होतें. स्वित्झर्लंडमधील उपचारांनंतर घरीं परततांना १९३१ च्या ६ जानेवारीस खुर गांवीं, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. जिनीव्हा त्याच देशांत. पण खिडकी तेथें कधींच पोंचली नाहीं. सरकारनें दिलेली रक्कम परत करून त्याची पत्नी मार्गारेट हिनें ती १९३३ सालीं सोडवून घेतली. पुढें कांहीं काळ ती डब्लिनच्या चित्रशाळेंत होती. अखेर १९८८ सालीं विकली जाऊन अमेरिकेंत, मायामी बीच येथील वुल्फसोनियन संग्रहालयांत गेली.