चंद्रपूर-गडचिरोलीतील जुन्या जीपगाड्या आणि इंजिनाच्या योग्य भागांची ओळख : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने महसुली दप्तर, वनखात्याच्या कार्ययोजना आणि जिल्हा गॅझेटिअर यांच्या आधारे लिहिला जातो. प्रशासन जंगलात ज्या साधनाने पोहोचले त्या साधनाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. रेल्वेचा लाभ या प्रदेशाच्या पश्चिम व उत्तर भागालाच अधिक झाला. गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ वडसा हे एकच रेल्वेस्थानक होते. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा या नद्यांनी विभागलेल्या दक्षिण भागात स्वातंत्र्योत्तर काळात शासनाचे प्रमुख वाहन ठरली ती जीप. या जीपच्या इंजिनातील भागांची अचूक ओळख कशी पटवावी आणि इतिहासाच्या दृष्टीने तिचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

जीपचे आगमन : ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. विलीजच्या गाडीस ‘एमबी’ आणि फोर्डच्या गाडीस ‘जीपीडब्ल्यू’ अशी संज्ञा होती. युद्धानंतर, १९४६ च्या करारान्वये, अमेरिकेची भारतातील अतिरिक्त युद्धसामग्री भारत सरकारकडे आली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद कंपनीचे नाव १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाले. सुट्या भागांच्या स्वरूपात आयात केलेल्या विलीज जीपची मुंबईत जुळणी करण्याचे काम या कंपनीने हाती घेतले. पुढे उंच बॉनेटचे ‘सीजे-३बी’ हे प्रारूप भारतात दीर्घकाळ तयार होत राहिले. १९७९ मध्ये कंपनीने फ्रान्समधील पेजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि त्यानंतर पेट्रोल जीप क्रमाक्रमाने मागे पडली.

म्हणजेच ‘जुनी जीप’ या एका शब्दाखाली किमान तीन पिढ्यांची यंत्रे येतात. बाहेरून गाडी पाहून तिच्यातील इंजिन कोणत्या पिढीचे हे निश्चित करता येत नाही.

ओळखीच्या खुणा

युद्धकालीन इंजिनाची क्षमता १३४.२ घनइंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर, आणि शक्ती ६० अश्वशक्ती होती. त्याच्या दोन्ही झडपा, म्हणजे वाल्व्ह, ब्लॉकमध्येच बसविलेल्या असत. त्यामुळे हेड सपाट दिसते. १९५३ मध्ये ‘सीजे-३बी’ सोबत आलेल्या इंजिनात हवा आत घेणारी झडप हेडमध्ये गेली, तर धूर बाहेर टाकणारी झडप ब्लॉकमध्येच राहिली. इंजिनाची उंची वाढल्यामुळे बॉनेटही उंच करावे लागले. दोन्ही इंजिनांचा बोअर ३ १/८ इंच आणि स्ट्रोक ४ ३/८ इंच असा समानच आहे. केवळ मापे घेऊन ओळख पटविणारा मिस्त्री येथेच फसतो. कार्बोरेटर हेडवर बसला आहे की बाजूच्या मॅनिफोल्डवर, हे पाहणे अधिक विश्वसनीय होय.

सपाट हेडच्या इंजिनांतही एक सूक्ष्म भेद आहे. युद्धकालीन इंजिनात कॅमशाफ्ट साखळीने, म्हणजे टायमिंग चेनने, फिरत असे. युद्धानंतरच्या नागरी प्रारूपात साखळीच्या जागी गिअर आले. साखळी कॅमशाफ्टला क्रँकशाफ्टच्याच दिशेने फिरविते. परस्परांत गुंतलेले दोन गिअर तिला उलट दिशेने फिरवितात. साहजिकच एका प्रकारचा कॅमशाफ्ट किंवा ऑईल पंप दुसऱ्या प्रकारात चालत नाही, मग तो बाहेरून कितीही सारखा दिसो. फ्लायव्हीलच्या रिंगवरील दात मोजणे हीसुद्धा उपयुक्त कसोटी आहे. युद्धकालीन रिंगला ९७ दात असत. पुढे ही संख्या १२४ व १२९ झाली आणि त्यानुसार स्टार्टरही बदलला.

ब्लॉकच्या उजव्या बाजूस पुढील वरच्या भागात इंजिन क्रमांक ठोकलेला असतो. ‘एमबी’, ‘जीपीडब्ल्यू’ किंवा ‘४जे’ ही त्यापूर्वीची अक्षरे अनुक्रमे विलीज, फोर्ड आणि ‘सीजे-३बी’ यांचा निर्देश करतात. फोर्डने तर बोल्टवरही ‘एफ’ हे अक्षर उमटविले होते. परंतु ‘एमबी’ गाडीत ‘एफ’ अक्षराचा भाग सापडला म्हणून तो चुकीचा ठरत नाही. दोन्ही कंपन्यांचे भाग परस्परांत बसावेत हीच लष्कराची अट होती.

कागद आणि लोखंड

या प्रदेशाच्या संदर्भात इंजिन क्रमांकाला विशेष महत्त्व येते. पूर्वीचा चांदा जिल्हा स्वातंत्र्याच्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. १९५० मध्ये मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. अशा स्थित्यंतरांत एखाद्या सरकारी वाहनाचे दप्तर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते, विभागले जाते किंवा नष्ट होते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत वाहनाचे निर्लेखन झाले की त्याचा प्रशासकीय इतिहास तेथेच संपतो. लोखंडावर ठोकलेला क्रमांक मात्र लिलावानंतरही टिकून राहतो. आर.सी. बुकावरील क्रमांक आणि ब्लॉकवरील क्रमांक यांत तफावत आढळल्यास ती लबाडीच असेल असे नाही. इंजिन केव्हा तरी बदलले गेले, एवढाच तिचा पहिला अर्थ होय.

म्हणून येथे तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते. कारखान्यातून त्याच गाडीसोबत आलेला तो ‘मूळ’ भाग. त्या प्रारूपाचा व त्या काळाचा, परंतु नंतर बसविलेला तो ‘योग्य’ भाग. आणि गाडी चालू राहावी म्हणून स्थानिक कारागिराने घडवून किंवा दुसऱ्या गाडीतून आणून बसविलेला तो ‘जुळविलेला’ भाग. चेसिसवर वेल्ड केलेले नवे माउंटिंग आणि त्यावर बसलेले डिझेल इंजिन हे तिसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. त्यासाठी चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. नियमाच्या दृष्टीने ही अट समजण्यासारखी आहे. परंतु ज्या प्रदेशात सुटा भाग मिळण्यास बराच काळ लागे आणि पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्गच बंद होई, तेथील जीपचा खरा इतिहास जुळविलेल्या भागांतच आहे. मूळ रूप परत आणण्याच्या उत्साहात हे भाग भंगारात टाकले जातात, तेव्हा गाडी शुद्ध होते आणि इतिहास पुसला जातो.

निष्कर्ष

इंजिनाच्या भागांची ओळख हा केवळ मिस्त्री वा छांदिष्ट यांचा विषय नसून साधनचिकित्सेचा विषय आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात येऊन ती भंगारात जाऊ लागली आहेत. त्यामुळे हे काम पुढे ढकलण्याजोगे राहिलेले नाही. गाडी तोडण्यापूर्वी इंजिन व चेसिस क्रमांक, ओतीव अक्षरे, झडपांची रचना, बदललेले भाग आणि लॉगबुक यांची छायाचित्रांसह नोंद व्हावी. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे इतिहास विभाग व स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी मिळून हे केल्यास त्यास फार मोठा खर्च येणार नाही. पुनर्बांधणी करणाऱ्यांनीही काढलेला भाग फेकू नये. तो कोठून निघाला याची चिठ्ठी लावून जपावा. ज्या कारागिरांची नावे कोणत्याही दप्तरात आली नाहीत, त्यांच्या कामाचा तोच एक लेखी नसलेला पुरावा होय.