रोहिदासाचे परत येणे : आरंभीच्या चित्रपटांतील पिता, पुत्र आणि चमत्कार



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, त्यांनी आपल्याला इतिहास शिकवताना एक सवय लावली. गोष्ट कोणी सांगितली हे तर विचारायचेच, पण सांगताना तिच्यातले काय गाळले हेही विचारायचे. तीच सवय आज मी एका अतिपरिचित गोष्टीला लावणार आहे. ती गोष्ट म्हणजे राजा हरिश्चंद्राची. सत्यवचनी राजाची कथा म्हणून आपण ती लहानपणापासून ऐकत आलो. मला मात्र ती एका बापाची कथा म्हणून आपल्यापुढे ठेवावयाची आहे, कारण भारतीय चित्रपटाचा आरंभ तिच्यातून झाला आणि मूल गमावणे व चमत्काराने ते परत मिळणे हा आपल्या कौटुंबिक चित्रपटांचा आद्य साचा तिनेच घडवला.

प्रथम कथेचे मूळ पाहू. ऐतरेय ब्राह्मणातील हरिश्चंद्र हा आपल्या ओळखीचा हरिश्चंद्र नव्हे. तो निपुत्रिक आहे. नारदाच्या सल्ल्यावरून तो वरुणाकडे पुत्र मागतो आणि तोच पुत्र वरुणाला अर्पण करण्याचे वचन देतो. रोहित जन्मतो आणि बापाची चालढकल सुरू होते. दहा दिवस जाऊ देत, दात येऊ देत, ते पडून पुन्हा येऊ देत, मुलगा शस्त्र धरण्याजोगा होऊ दे, असे म्हणत हरिश्चंद्र देवाला परतवीत राहतो. अखेर सारे समजताच रोहित धनुष्य उचलून अरण्यात निघून जातो आणि राजाला जलोदर जडतो. रोहिताच्या जागी बळी देण्यासाठी अजीगर्त नावाचा एक दरिद्री ब्राह्मण शंभर गाईंच्या मोबदल्यात आपला मधला मुलगा शुनःशेप विकतो. यूपाला बांधलेला शुनःशेप देवांच्या स्तुतीने मुक्त होतो, आणि सख्ख्या बापाकडे परत न जाता तो ज्याच्या मांडीवर बसतो, ज्याला पिता मानतो, तो ऋषी म्हणजे विश्वामित्र.

मार्कंडेय पुराणात ही सारी मांडणी पालटते. येथे वचन मोडू पाहणारा राजा वचनासाठी सर्वस्व देणारा होतो आणि विश्वामित्र हा कठोर परीक्षक बनतो. राज्य जाते, राणी आणि पुत्र विकले जातात, राजा स्मशानात चाकरी करू लागतो. सर्पदंशाने मेलेल्या मुलाला घेऊन राणी त्याच स्मशानात येते. दोन्ही कथांचा प्रश्न मात्र एकच राहतो. बापाने स्वतःच्या शब्दाची किंमत मुलाच्या जिवाने चुकवावी काय?

हा प्रश्न मनात ठेवून आपण आता विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर येऊ.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण असे अनेक उद्योग केले. जादूचे प्रयोगही केले, आणि ते करताना आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले. १८९५ साली ते गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून स्थायिक झाले. तेथे, १९०० च्या सुमारास, प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि अपत्य दोघेही गेले. चरित्रकार हा प्रसंग एखाद्या ओळीत सांगून पुढे जातात. त्या काळी प्लेगने घरेच्या घरे ओस पडत होती, त्यामुळे या घटनेत त्यांना वेगळे काही वाटत नसावे. आपण मात्र येथे क्षणभर थांबू. इतरांचे चेहरे काचेवर कायम करून ठेवणे हा ज्याचा व्यवसाय, त्याच्याच घरातले दोन चेहरे या साथीने नेले.

१९०२ साली फाळक्यांचा दुसरा विवाह झाला. नव्या संसारात सरस्वतीबाई आल्या, मुले झाली. १९११ च्या एप्रिल महिन्यात फाळके थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर हिंडणारे प्राणी पाहून आलेल्या मुलाने घरी ते वर्णन केले, पण कोणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी फाळके सर्व कुटुंबाला घेऊन गेले. तो ईस्टरचा दिवस होता आणि त्या दिवशी तेथे ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट दाखवला जात होता. तो पाहताना आपले राम-कृष्ण पडद्यावर केव्हा दिसतील, हा ध्यास त्यांना लागला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मी तीत एवढेच जोडतो की एका मुलाचा आनंद खरा ठरवण्यासाठी घरची मंडळी तेथे गेली होती आणि त्यांनी पडद्यावर पाहिली ती मारल्या गेलेल्या पुत्राची व त्याच्या पुनरुत्थानाची कथा.

पुढचे कष्ट आपणांस ठाऊक आहेत. एका कुंडीतील अंकुराचे दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रण करून, तो पाहता पाहता वाढताना दाखवणारी छोटी चित्रफीत फाळक्यांनी तयार केली आणि तिच्या बळावर भांडवल मिळवले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, रात्री जागून फिल्मला छिद्रे पाडली, साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, अण्णा साळुंके तारामती झाले, आणि रोहिदास झाला भालचंद्र फाळके.

या चित्रपटाच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेले आहे. ही रिळे १९१७ साली फाळक्यांनीच पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते काहीही असो, चित्रपट उघडतो तो राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवीत असल्याच्या दृश्याने. सिंहासन नाही, दरबार नाही; मुलगा, त्याच्या हातातले धनुष्य, शिकवणारा बाप आणि कौतुकाने पाहणारी आई. जे धनुष्य घेऊन ऐतरेय ब्राह्मणातील रोहित बापापासून दूर पळाला, तेच येथे बापलेकांना जवळ आणते.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा विषय निवडला, तो सांगतो. बाह्यचित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली असताना भालचंद्र खडकावर पडला. डोक्याला मार लागून तो बेशुद्ध झाला. फाळक्यांनी सोबत ठेवलेल्या औषधपेटीतून प्रथमोपचार झाले. मुलगा शुद्धीवर येईपर्यंत चित्रण थांबवावे, असे सहकाऱ्यांनी विनवले. परंतु उरलेले दृश्य होते चितेवर निश्चेष्ट पडलेल्या रोहिदासाचे. फाळक्यांनी मुलाच्या त्याच अवस्थेत ते दृश्य चित्रित केले.

हा प्रसंग ध्येयनिष्ठेचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला तो इतक्या सहजपणे सांगता येत नाही. ज्याने एक मूल रोगाच्या साथीत गमावले होते, तो माणूस दुसरे मूल बेशुद्ध पडले असता कॅमेऱ्यामागे उभा राहतो. याला निष्ठा म्हणावे की निष्ठुरता? वाढलेले कर्ज, पत्नीचे दागिने, परक्या ठिकाणी ताटकळलेली माणसे, मावळता प्रकाश, असे सारे त्यांच्या बाजूने मांडता येईल आणि तरीही मनातला काटा निघत नाही. वांगणीला त्या दिवशी हरिश्चंद्राची कथा पडद्याबाहेर घडली. शब्द दिलेला होता आणि त्याची किंमत मुलाच्या अंगावर येऊ पाहत होती. कालांतराने भालचंद्र बरा झाला. पण तो बरा होईल हे चित्रण चालू असताना त्याच्या बापाला ठाऊक नव्हते, हे आपण विसरू नये.

चित्रपटाच्या अखेरीस देव प्रकट होतात आणि रोहिदास उठतो. कॅमेरा थांबवणे, माणूस हलवणे, पुन्हा कॅमेरा चालू करणे, एकाच फितीवर दोनदा चित्रण करणे, या फाळक्यांच्या अदृश्य-दृश्याच्या युक्त्या होत्या, आणि प्रोफेसर केळफांना त्या नवीन नव्हत्या. गोध्र्याचे दुःख आणि हा शेवट यांत कार्यकारणभाव होता असे मी म्हणत नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढेच म्हणतो. चार्ली चॅप्लिनचा पहिला मुलगा १९१९ साली जन्मानंतर तिसऱ्या दिवशी वारला, आणि १९२१ साली त्याचा 'द किड' आला. टाकून दिलेले मूल वाढवणारा एक भटक्या आणि त्याला पडलेले देवदूतांचे स्वप्न, अशी ती कथा. दोन खंडांतल्या दोन बापांना या नव्या यंत्राने एकाच प्रकारचा आधार दिला असावा, असे मात्र वाटते.

फाळक्यांनी पुढे आपली मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केले. 'श्रीकृष्ण जन्म' १९१८ चा आणि 'कालिया मर्दन' १९१९ चा. दुसऱ्या चित्रपटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावर पालटणारे भाव बापाने कौतुकाने टिपले आहेत. मूल डोहात उडी घेते, काठावरचे गोकुळ व्याकूळ होते आणि मूल नागाच्या फण्यावर नाचत वर येते. पुराणात ज्या सर्पाने रोहिदासाला नेले, त्याच जातीच्या सर्पाला मंदाकिनीने पायाखाली घातले!

१९३२ साली प्रभातने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला, आणि मराठी बोलपटाचा प्रारंभही याच कथेने झाला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई खोटे तारामती. या कथेची हिंदी आवृत्तीही निघाली. आता तारामतीचा विलाप ऐकू येऊ लागला आणि प्रेक्षागृहात रुमाल निघू लागले. तेव्हापासून आजवर कौटुंबिक चित्रपट हे सूत्र निरनिराळ्या वेषांत वापरत आला आहे. पाश्चात्त्य चित्रपटातही ते आहे. १९८९ च्या 'फील्ड ऑफ ड्रीम्स'मध्ये मक्याच्या शेतात दिवंगत बाप मुलाशी चेंडू झेलण्यासाठी परत येतो आणि कठोर मनाचे प्रेक्षकही डोळे पुसतात.

अशा अश्रूंना हिणवण्याची पद्धत आहे. मी तसे करणार नाही. परंतु पुराणकाराने सांगितलेले एक शेवटचे प्रकरण हे चित्रपट गाळतात, त्याकडे लक्ष वेधतो. मार्कंडेय पुराणात रोहिदास जिवंत झाल्यावर कथा संपत नाही. इंद्र राजाला स्वर्गात चलण्यास सांगतो. राजा म्हणतो, माझ्या शोकाने खचलेली माझी प्रजा तेथे मागे राहिली आहे. तिला सोडून मी येणार नाही, ती येत नसेल तर तिच्यासह नरकही मला चालेल. स्वतःचे मूल परत मिळाल्यावर या बापाला इतरांची घरे आठवतात. पडद्यावर मूल उठले की दिवे लागतात आणि आपण आपापल्या मुलाचा हात धरून घरी जातो. प्रजेचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

हे मी भोपाळमध्ये बोलतो आहे, हे मला ठाऊक आहे. या सभागृहातील अनेकांची घराणी १९५६ साली मध्य प्रदेशची राजधानी येथे आल्यावर नागपूर, इंदूर, ग्वाल्हेरहून नोकरीनिमित्त या तळ्यांच्या गावी आली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीनंतर या गावाने जे पाहिले, ते सांगण्यास मी पुराणाची मदत घेणार नाही. छोल्याच्या विश्रामघाटावर आणि कब्रस्तानांत किती बाप उभे होते, हे येथील वडीलधाऱ्यांना माहीत आहे. त्या दिवसांत मातीआड जाणाऱ्या एका अनोळखी बालकाचा चेहरा पाब्लो बार्थोलोम्यू आणि रघू राय या दोन छायाचित्रकारांनी टिपला. जगाने भोपाळ ओळखले ते त्या चेहऱ्यावरून. ते स्थिर छायाचित्र आहे. त्याच्यापुढे दुसरी चौकट येत नाही, विश्वामित्र येत नाही, मूल उठत नाही.

मग चमत्काराच्या चित्रपटांचे प्रयोजन ते काय? याचे एक उत्तर मला परेश मोकाशी यांच्या दोन चित्रपटांत सापडले. २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त त्यांनी फाळक्यांचे धडपडते घर हसतखेळत उभे केले. २०१४ च्या 'एलिझाबेथ एकादशी'त पंढरपुरातला एक मुलगा दिवंगत वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून वारीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतो. येथे वडील परत येत नाहीत. त्यांच्या हातची वस्तू राहते आणि ती वाचवण्यासाठी मुले एकत्र येतात. मला या मुलांत पुराणातल्या हरिश्चंद्राचे शेवटचे प्रकरण दिसते.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे निवर्तले. त्यांनी आपल्याला मेलेले मूल उठताना दाखवले, आणि ते पाहून रडण्याचा आपला हक्क मी मान्य करतो. पण ज्या शाळेने आपल्याला वाचायला शिकवले, तिच्या सभागृहात एवढे म्हटलेच पाहिजे की ती कथा शेवटपर्यंत वाचावी. घरी गेल्यावर मुलांना हरिश्चंद्राची गोष्ट सांगाल, तेव्हा रोहिदास उठला येथे थांबू नका. त्यानंतर राजा मागे वळून प्रजेकडे पाहतो, तेही सांगा.