वृद्धांचे न्हाणीघर आणि आधारदांडी : अमेरिकेतील अनुभवाचे ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तुत लेखात, स्वतःच्या घरी राहणाऱ्या वृद्धांसाठी न्हाणीघरातील साधनांची रचना कशी बदलत गेली, याचा विचार अमेरिकेच्या संदर्भात केला आहे. राजवाड्यांच्या कमानींवर ग्रंथ लिहिले जातात. नळाच्या मुठीकडे मात्र इतिहासकार क्वचितच वळतो.

कॉर्नेल विद्यापीठातील प्राध्यापक अलेक्झांडर किरा यांनी १९६६ मध्ये 'द बाथरूम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अंघोळ, मुखमार्जन व शौच या क्रियांमधील शारीरिक हालचालींचा अभ्यास करून, प्रचलित साधने शरीराशी किती विसंगत आहेत हे त्यांनी दाखवून दिले. उकिडवे बसणे शरीरधर्मास अनुकूल आहे, असे त्यांचे मत होते. हे वाचून आपल्याला समाधान वाटेल. परंतु सत्तरीनंतर गुडघे त्यास साथ देत नाहीत, हेही आपण घरोघरी पाहतो.

अडथळामुक्त इमारतींविषयीचे पहिले अमेरिकन मानक १९६१ मध्ये आले आणि अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा १९९० मध्ये. या कायद्याच्या मानकांनुसार आधारदांडी व भिंत यांत दीड इंच अंतर असावे, जेणेकरून तोल गेल्यास हात मध्ये अडकू नये. तसेच तिने २५० पौंड भार पेलावा. टॉवेलची दांडी एवढा भार पेलण्यासाठी बनवलेली नसते, आणि घसरणारा वृद्ध नेमकी तीच पकडतो. तथापि या कायद्याचा रोख सार्वजनिक जागांवर होता. खाजगी घराचा उंबरठा त्याने ओलांडला नाही. १९८८ च्या गृहनिर्माणविषयक दुरुस्तीने चार वा अधिक सदनिकांच्या नव्या इमारतींत एवढेच बंधनकारक केले की, पुढे दांडी बसवता यावी असे बळ न्हाणीघराच्या भिंतीत असावे. दांडी बसवणे रहिवाशाच्या इच्छेवर राहिले.

खरी अडचण या इच्छेचीच होती. दवाखान्यातील सामान घरात आणणे म्हणजे स्वतःला रुग्ण म्हणवून घेणे. म्हणून येथे सौंदर्य ही चैन ठरत नाही, तर वापराची पूर्वअट ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वास्तुविशारद रोनाल्ड मेस हे बालपणी पोलिओ झाल्याने चाकाची खुर्ची वापरत. त्यांनी १९८५ मध्ये 'युनिव्हर्सल डिझाइन' ही संकल्पना मांडली : वस्तू अशी असावी की ती शक्य तितक्या सर्वांना वापरता यावी, वेगळी 'अपंगांची वस्तू' उरूच नये.

मायकेल ग्रेव्ह्ज यांचा अनुभव अधिक बोलका आहे. अलेस्सी कंपनीसाठी १९८५ मध्ये केलेल्या चहाच्या किटलीमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. २००३ मध्ये आजारामुळे त्यांचे छातीखालील शरीर लुळे पडले. उपचारकाळात चाकाच्या खुर्चीतून त्यांचा हात साध्या नळापर्यंतही पोहोचेना. नामवंत वास्तुविशारदाने आपल्याच व्यवसायाची ही उणीव वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर अनुभवली. त्यानंतर २०१५ मधील निधनापर्यंत त्यांनी रुग्णोपयोगी साधनांच्या रचनेकडे लक्ष वळवले. त्यांत न्हाणीघरातील आसने व टबाच्या काठास लावायच्या दांड्याही होत्या. हात ठेवण्याची जागा त्यांनी ठळक रंगाची केली. मंद दृष्टीलाही ती दिसते, आणि पाहुण्यांपासून ती लपवावीशी वाटत नाही.