परसांतील दुर्बीण आणि कृत्तिकांचें चित्र

आकाशदर्शनाची हौस असलेल्या गृहस्थानें दुर्बीण घेतली, कीं चंद्र, गुरु व शनि पाहून होतात न होतात तोंच तिला कॅमेरा जोडण्याची इच्छा त्याच्या मनांत उत्पन्न होते. आणि पहिल्या प्रयत्नासाठीं बहुधा कृत्तिकांसारखा एखादा तारकागुच्छच निवडला जातो. ही निवड योग्य आहे. गुच्छांतील तारे म्हणजे ठळक बिंदु. ते थोड्या वेळांत उमटतात. तेजोमेघाचा अंधुक प्रकाश सांठवावयास लागणारा वेळ व चिकाटी येथें लागत नाहीं. परंतु याहून शतपट सुंदर चित्रें मोठ्या वेधशाळांनीं घेऊन ठेविलीं असतां हा खटाटोप कशासाठीं, असें घरची मंडळी विचारतात, व हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आम्हांस या कलेच्या आरंभींच्या इतिहासांत सांपडतें.

1850 च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत बाँड व व्हिपल यांनीं अभिजित् ताऱ्याचें चित्र रुपेरी मुलाम्याच्या पत्र्यावर घेतलें. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचें हें पहिलें छायाचित्र. 1857 मध्यें त्याच वेधशाळेंत वसिष्ठ व अरुंधती, आपल्याकडे विवाहप्रसंगीं वधूवरांस दाखवितात ती जोडी, काचेवर उमटली. तथापि एक मोठी अडचण होती. त्या काळच्या दुर्बिणींचीं भिंगें डोळ्यांसाठीं घडविलेलीं असत. तीं पिवळ्या प्रकाशाचे किरण नीट एकत्र आणीत. छायाचित्राच्या काचेस मात्र निळे व जांभळे किरणच काय ते कळत. त्यामुळें डोळ्यांस रेखीव दिसणारा तारा काचेवर पसरट उमटे.

ही अडचण दूर केली ती न्यूयॉर्क शहरांतील एका हौशी गृहस्थानें. लुईस मॉरिस रदरफर्ड हे पेशानें वकील. अणूच्या शोधामुळें प्रसिद्ध झालेले रदरफर्ड ते निराळे. वकिली सोडून त्यांनीं 1856 च्या सुमारास आपल्या राहत्या घराच्या बागेंत वेधशाळा बांधली, आणि 1864 मध्यें सव्वाअकरा इंच व्यासाचें, केवळ छायाचित्रासाठीं शुद्ध केलेलें भिंग तयार केलें. डोळ्यानें पाहण्यास तें निरुपयोगी होतें. परंतु त्यानें तीनएक मिनिटांत सुमारें नवव्या प्रतीपर्यंतचे तारे काचेवर उतरत. नुसत्या डोळ्यांस सहाव्या प्रतीपलीकडील तारा सहसा दिसत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या यशाचें मोल कळेल.

त्या काळीं काच ओली असतांच चित्र घ्यावें लागे. ती वाळली कीं काम संपलें. शिवाय लेपांतील धुळीचा कण आणि अंधुक तारा यांत भेद करणें कठीण. म्हणून रदरफर्ड एकाच काचेवर, दुर्बीण किंचित् सरकवून, प्रत्येक ताऱ्याचे दोन ठसे घेत. जोडीनें उमटला तो तारा. एकटा राहिला तो डाग. अशा रीतीनें त्यांनीं कृत्तिका, पुष्यांतील तारकागुच्छ इत्यादींचीं चित्रें घेतलीं, आणि काचेवरील अंतरें मोजण्याचें यंत्रहि स्वतःच करविलें. ज्योतिषी गूल्ड यांनीं कृत्तिकांच्या काचा मोजून 1866 मध्यें आपले निष्कर्ष सादर केले. बेसेल यांनीं कोनिग्सबर्ग येथें दुर्बिणींतून पाहून घेतलेल्या मापांशीं ते चांगले जुळले.

खरें महत्त्व पुढेंच आहे. 1890 मध्यें रदरफर्ड यांनीं आपल्या काचा कोलंबिया विद्यापीठास दिल्या, व तेथें जेकोबी यांनीं कृत्तिकांचीं मापें पुन्हां घेऊन 1892 मध्यें प्रसिद्ध केलीं. त्याच वर्षीं रदरफर्ड निवर्तले. जुन्या मापांची नव्यांशीं तुलना केल्यानेंच गुच्छांतील कोणते तारे एकत्र एका दिशेनें चालले आहेत व कोणते केवळ दृष्टिरेषेंत आलेले परके आहेत, हें उघड होतें. ही गति इतकी अल्प, कीं एका रात्रीच्या चित्रानें ती कधींच कळावयाची नाहीं. मागल्या पिढीनें काच जपून ठेविली असेल तरच पुढल्या पिढीस ती मोजतां येते.

सौंदर्याची बाजू पुढें कोरड्या काचांनीं उजळली. त्या तासन्‌तास उघड्या ठेवितां येत. 1885 मध्यें पॅरिस येथें हेन्री बंधूंस कृत्तिकांतील माया ताऱ्याभोंवतीं पूर्वीं कोणाच्या दृष्टीस न पडलेला तेजोमेघ काचेवर आढळला. आणि 1886 मध्यें लिव्हरपूलजवळ मॅघल येथें आयझॅक रॉबर्ट्स या हौशी व्यावसायिकानें आपल्या 20 इंची दुर्बिणीनें तो अनेक ताऱ्यांभोंवतीं पसरलेला दाखविला.

कृत्तिकांविषयींच्या एका जुन्या नोंदीचें मोल महाराष्ट्रासहि ठाऊक आहे. त्या पूर्वेपासून ढळत नाहींत, असें शतपथब्राह्मणांत म्हटलें आहे. आज महाराष्ट्रांतून पाहतां त्या पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारें 25 अंशांवर उगवतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं आपल्या 1896 च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथांत अयनचलनाच्या गणितानें या फरकावरून त्या वचनाचा काळ ठरविण्याचा यत्न केला. त्यांच्या निर्णयाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु पाहणाऱ्यानें पाहिलें तें सांगून ठेविलें नसतें, तर वादासहि जागा उरली नसती.

आजच्या हौशी मनुष्यास ओल्या काचेची यातायात नाहीं. पृथ्वीच्या भ्रमणाबरोबर दुर्बीण फिरविणारें यंत्र नीट ध्रुवाकडे लावावें, अनेक अल्पावधीचीं चित्रें घ्यावीं, व संगणकानें तीं एकावर एक जुळवावीं. कृत्तिका नक्षत्र रेखीव उतरतें. मात्र चित्राबरोबर दिनांक, वेळ, स्थळ, दुर्बिणीचा व्यास व प्रकाशनाचा काल हीं लिहून ठेवावींत, आणि मूळ चित्रें सुशोभित न करितां जशींच्या तशीं जपावींत, अशी आमची विनंती आहे. सुमारें 440 प्रकाशवर्षें दूरच्या त्या ताऱ्यांस घाई नाहीं. परसांतील चित्राची खरी किंमत कदाचित् नातवंडांच्या हातीं ठरेल. तीं मोजूं म्हणतील तेव्हां त्यांस मोजतां यावें, एवढीच तजवीज आपल्या हातीं आहे.