अरबीचा नवा अभ्यासक्रम : एका सुधारणेची कथा

उमरेड हे तहसिलीचे गाव. तहसील, वकील, हिशेब, खरीप, रब्बी हे आपल्या रोजच्या तोंडचे शब्द मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे आले आणि घरचे झाले. व्यवहारात इतकी सहज मिसळणारी ही भाषा विद्यालयात शिकवताना मात्र मोठा झगडा झाला. त्याची हकीकत आपणांसही बोधक वाटेल.

अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांनी घालून दिलेला ‘दर्से निजामी’ हा क्रम पुढे हिंदुस्थानातील बहुतेक मदरशांत रूढ झाला. त्यात व्याकरण व तर्कशास्त्र यांवर मोठा भर. कठीण ग्रंथ उलगडणारे विद्वान त्यातून निपजत. पण अरबीत चार वाक्ये बोलायची म्हटली, की पुष्कळांची जीभ अडे. आपल्या पाठशाळांतून रूपावली घोकणाऱ्या विद्यार्थ्याची गत याहून फारशी निराळी नव्हती.

१८९४ साली कानपूरच्या सभेत ‘नदवतुल उलमा’ या संस्थेने सुधारणेचा विचार मांडला व १८९८ मध्ये लखनौस विद्यालय काढले. तुर्कस्तान, सीरिया, मिसर पाहून आलेले शिबली नोमानी यांनी १९०५ पासून तेथील शिक्षणाची सूत्रे हाती घेतली. जिवंत अरबी हवी, जोडीला इंग्रजीही हवी, असा त्यांचा आग्रह. जुन्या मंडळींना यात धर्मविद्येची हानी दिसली. ही भीती अगदीच पोकळ म्हणता येत नाही. नव्या विषयाला दिलेला तास जुन्याच्याच वाट्यातून जातो. वाद वाढला, १९१३ मध्ये शिबलींनी पद सोडले आणि पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांनी संप केला.

खरी अडचण मात्र पुढेच होती. नव्या रीतीने शिकवणार कोण, आणि कोणत्या पुस्तकावरून? १९३० च्या सुमारास मोरोक्कोचे तकीउद्दीन हिलाली तेथे शिकवण्यास आले, तेव्हा वर्गात बोलती अरबी ऐकू येऊ लागली. त्याच विद्यालयातील अबुल हसन अली नदवी यांनी पुढे मुलांसाठी सोप्या वाक्यांत पैगंबरांच्या गोष्टी लिहिल्या. संस्कृतात जे काम भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिके’ने केले, त्याच जातीचे हे काम.

कानपूरच्या ठरावापासून त्या बोलत्या वर्गापर्यंत पस्तीसेक वर्षे गेली. अभ्यासक्रम सभेत मंजूर होतो. तो रुजतो शिक्षकाच्या मुखी आणि मुलाच्या हातातील पुस्तकात. आपल्या गावच्या शाळेत नवा अभ्यासक्रम येईल, तेव्हा त्याची स्तुती वा निंदा करण्यापूर्वी आपण या दोन गोष्टींची चौकशी करावी, हे बरे.