आधी यादी, मग मत

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात मत फार उशिरा चढलं. बाबासाहेबांनी १९१९ ला साउथबरो समितीपुढं अस्पृश्यांसाठी मताचा हक्क मागितला, १९२८ ला सायमन कमिशनपुढं सरसकट प्रौढ मतदान मागितलं. त्या वेळी भोर म्हणजे पंतसचिवांचं संस्थान. राजगड, तोरणा त्याच्याच हद्दीत. १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्ष मुंबई इलाख्यात निवडणूक लढला, पण संस्थानच्या प्रजेला त्यात मत नव्हतं. गडावर भगवा कुणाचा याची चर्चा आजही रंगते, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. इंग्रजी मुलखात तरी काय होतं? शेतसारा, घरभाडं, शिक्षण अशा अटी. मोलमजुरीवाला बहुतेक बाहेरच.

८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. घटनेच्या ३२६ व्या कलमानं सारा-भाड्याची अट मोडली, १९५१-५२ ला पहिलं सार्वत्रिक मतदान झालं. वय तेव्हा २१; १९८९ पासून १८.

आता अडतं यादीत. बारावी झाली की पोरं पुण्याला जातात, पोरी लग्न होऊन जातात. नाव कुठंच नाही. ऑगस्ट २०२२ पासून सतरा पुरी झालेल्याला नमुना ६ आगाऊ भरता येतो. अठरा झाल्यावर नाव चढतं. तेव्हा अकरावी-बारावीच्या वर्गातच गाठा. दहावीचा दाखला, पत्त्याचा पुरावा, फोटो. वस्तीगृहात राहणाऱ्यानं गावचा किंवा तिथला, एकच पत्ता द्यावा. आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका.